टायटनवर मळभ की धुरकं?

शनीच्या टायटन या चंद्रावरच्या हवामानाविषयी लिहितो आहे आणि एका शब्दापाशी अडलो आहे. १९८० मध्ये व्हॉयेजर १ हे अंतराळयान जवळून गेलं, तेव्हा नारिंगी पडद्याखालचं त्याला काहीच दिसलं नाही. २००४ पासून कॅसिनी यानाने डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात आत डोकावून पाहिलं आणि दक्षिण ध्रुवाजवळ मिथेनचे ढग टिपले. ढगांना ढगच म्हणेन. वरच्या पडद्याला मळभ म्हणावं का?

—

मळभ नको. मळभ येतं आणि सरतं, म्हणून तर 'मनावरचं मळभ दूर झालं' असं आपण म्हणतो. शिवाय ते ढगांचंच असतं. टायटनचा पडदा हटत नाही. उंचावर सूर्यप्रकाशाने मिथेन आणि नायट्रोजनचे रेणू तुटतात, पुन्हा जुळतात आणि त्यांचे बारीक कण तरंगत राहतात. शहरांवरच्या धुरक्याची जातकुळी हीच. धुरकं म्हणा.

—

पण धुरक्यात धूर आहे. तिथे मोकळा ऑक्सिजन नाही, जळणार काय?

—

धुरकट काचेमागे तरी कुठे आग असते? शब्द केव्हाच धुरापासून सुटला आहे.

मला जास्त काळजी ढगांच्या पर्यायांची वाटते. तेच तेच नको म्हणून 'जलद', 'नीरद' लिहाल, आणि दोन्हींचा अर्थ पाणी देणारा! टायटनवर उणे १७९ अंशांत पाणी दगडासारखं गोठलेलं असतं. 'मेघ' खुशाल वापरा. तो 'मिह्' म्हणजे शिंपणे या धातूवरून आला आहे. काय शिंपायचं, हे त्यात ठरलेलं नाही.

—

क्रियापदांचंही बघा. तिथला पाऊस 'कोसळला' लिहू नका. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सातव्या हिश्श्याइतकं आणि हवा दाट, त्यामुळे सेंटीमीटरभराचा टपोरा थेंबही सेकंदाला दीडेक मीटर वेगाने सावकाश खाली येतो. मला 'उतरला' आवडतं.

'भिजणे' मात्र चपखल बसतं. सप्टेंबर २०१० मध्ये विषुववृत्ताजवळ बाणाच्या आकाराचा प्रचंड ढग दिसला. त्यानंतरच्या छायाचित्रांत खालचा मोठा पट्टा काळवंडला होता, पहिल्या सरीनंतर माती गडद होते तसा. पुढच्या काही महिन्यांत त्यातला बराच भाग पुन्हा उजळला. तिथे 'वाळला' लिहा.