‘पहाटे उठा, नैराश्य पळेल’ या सल्ल्याला माझं उत्तर

कृष्णाकाठ

पहाटफेरी काकांची कालची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून स्वतंत्र धागा काढतेय. काकांचं म्हणणं थोडक्यात असं: पाचला उठा, बारा सूर्यनमस्कार घाला, तासभर चाला, नैराश्य जवळ फिरकणार नाही. हल्लीच्या लोकांना कष्ट नकोत म्हणून गोळ्या लागतात आणि गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही. खाली सगळ्यांनी हात जोडून ‘अगदी बरोबर’ लिहिलंय.

माझ्या नवऱ्याला पाचला कुणी उठवावं लागत नव्हतं. ते साडेतीनलाच जागे असायचे. उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहायचे. सकाळ ही त्यांची सगळ्यात वाईट वेळ. गालाला साबण लावून बेसिनपाशी उभे राहायचे, तो वाळून पांढरा व्हायचा तरी हातातलं रेझर वर जायचं नाही. संध्याकाळी दिवेलागणीला जरा माणसात यायचे, चार शब्द बोलायचे. मग घरातले म्हणायचे, ‘बघा, आता कसा ठणठणीत आहे! सकाळी कामावर जायच्या वेळीच बरं याला होतं.’

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘जाग किती वाजता येते? सकाळी जास्त जड वाटतं की संध्याकाळी?’ वेळेच्या खूप आधी जाग येणं आणि सकाळी मन सर्वांत जड असणं हे या आजाराचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. आणि तुम्ही त्याच माणसाला सांगताय, पहाटे उठ.

एक नातेवाईक त्यांना घाटावर फिरायला घेऊनही गेले. परत आल्यावर हे म्हणाले, ‘मला एवढंही धड जमत नाही.’ त्या दिवशी जेवले नाहीत. सल्ला देणाऱ्याच्या हे गावीही नव्हतं.

चालण्याचा उपयोग झालाच, पण नंतर. आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, मग औषध सुरू झालं. ते लागू पडायला काही आठवडे गेले, तोवर एकेक दिवस ढकलला. मग पाय आपोआप घराबाहेर पडले. आणि गोळी सुटली हो! बरं वाटायला लागल्यावरही काही महिने चालू ठेवली, मग डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवत बंद केली.

पहाटफेरी

ताई, तुमच्या यजमानांबद्दल वाईट वाटलं. पण मीही हवेत बोललेलो नाही. सौभाग्यवती गेल्या तेव्हा मुलगा परदेशात. घरात मी आणि भिंती. दोन महिने दूधवाल्याशिवाय कुणाशी बोललो नसेन. शेजारच्या गृहस्थांनी पहाटे दार वाजवून टेकडीवर फिरायला ओढत नेलं. त्या टेकडीवरच्या मंडळींनी मला जगवलं. मला कुणी गोळी दिली असती तर आज तिच्यावरच असतो.

आणि सुटत नाही म्हणालो ते डोळ्यांदेखत पाहिलंय. आमच्या वहिनी कित्येक वर्षं रात्री अर्धी गोळी घेतात. लग्नाला गेलो असताना डबी घरी राहिली, तर रात्रभर कार्यालयाच्या गच्चीवर येरझाऱ्या. हात थरथरत होते त्यांचे. हे व्यसन नाही तर काय?

मेडिकल_काउंटर

काका, ती ‘अर्धी’ आणि ताईंच्या मिस्टरांची गोळी, दोन्ही एका माळेत ओवू नका. माझं तालुक्याला औषधाचं दुकान आहे, दिवसभर हेच बघतो.

वहिनींची बहुतेक अल्प्राझोलाम, म्हणजे चिंता कमी करून झोप आणणारी गोळी, नाहीतर त्याच जातीतली. ती थोड्या दिवसांसाठी असते. रोज घेत राहिलं की शरीराला सवय होते, डोस वाढत जातो आणि एकदम थांबवली तर थरथर, घाम, कधी फिटसुद्धा येते. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांची तशी तलफ लागत नाही. त्याही एकदम बंद केल्या तर चक्कर, झिणझिण्या, चिडचिड होते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच उतरवायच्या. पण तुम्ही पहिलीचा दोष दुसरीवर टाकताय आणि त्यापायी लोक दुसरी घ्यायला घाबरतात. घाबरायला पाहिजे त्या पहिलीला मात्र कुणी घाबरत नाही. ‘डोकं शांत व्हायची ती द्या’ म्हणून सर्रास मागतात.

कल्याणची_सून

गोळ्यांचं चाललंय ते ठीक, पण पैशाचं कुणी बोलणार का? मला पॅनिकचे झटके यायचे. सकाळच्या लोकलमध्ये श्वास अडकायचा, ठाण्याला उतरून बाकावर बसायचे. समुपदेशनाच्या एका तासाचे पंधराशे, आठवड्यातून एकदा. मेडिक्लेमला विचारलं तर म्हणे ॲडमिट असाल तर बघू. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजाराच्या धर्तीवरच द्यायचा. पण पॉलिसीत ओपीडीच, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेले उपचारच, नसतील तर त्या कायद्याचं मी काय करू? या आजारात ॲडमिट कितीजण होतात? महिन्याच्या गोळ्या आणि समुपदेशनाची फी, सगळं खिशातून. काका, टेकडी फुकट आहे म्हणून लोकांना तुमचा सल्ला गोड लागतो, एवढं साधं आहे.

आईची_लेक

@मेडिकल_काउंटर, माझी आई बहात्तर वर्षांची आहे, तीही हीच अर्धी घेते. मागच्या पावसाळ्यात रात्री बाथरूमला जाताना पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. गोळीमुळे तोल गेला असेल का? आणि आता बंद करायची तर कशी?

मेडिकल_काउंटर

असू शकतं. वयस्कर माणसांत या गोळ्यांनी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, विस्मरणही वाढतं. पण आज रात्रीपासून बंद असं मुळीच करू नका. डॉक्टरांकडे जाऊन थोडी थोडी उतरवायची, त्याला आठवडे, कधी महिने लागतात.

आता मला खरं बोलू द्या. या अर्ध्या गोळीची सुरुवात आमच्या काउंटरवर होत नाही. फॅमिली डॉक्टर पाच दिवसांसाठी लिहून देतात आणि पाच दिवसांनी काय करायचं ते सांगत नाहीत. पेशंट तीच चिठ्ठी वर्षानुवर्षं फिरवतो. एक आजोबा चिठ्ठी लॅमिनेट करून घेऊन आले होते, घडीवर फाटायला लागली म्हणून! ही एच-१ ची, म्हणजे सरकारच्या कडक नियमांच्या यादीतली औषधं आहेत, पट्टीवर लाल चौकट असते, आम्हाला वेगळ्या रजिस्टरला पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. मी ‘नवीन चिठ्ठी आणा’ म्हटलं की गिऱ्हाईक शिव्या देऊन समोरच्या दुकानात जातं.

वऱ्हाडी_डॉक्टर

आणि समोरचा देतो! ते आधी बोला. आमच्या गावच्या मेडिकलवर ही गोळी सुटी कापून मिळते, ना चिठ्ठी ना फिठ्ठी. सगळं खापर फॅमिली डॉक्टरवर फोडायचं आणि आपण रजिस्टर दाखवून मोकळं व्हायचं.

तुम्ही माझ्या ओपीडीत एक दिवस बसा. ‘मी उदास आहे’ असं सांगत कुणीही येत नाही. बाई सांगते, डोकं दुखतं, छातीत धडधडतं, अंगाची आग होते, झोप नाही. बीपी बरोबर, ईसीजी बरोबर. मी म्हणतो, मनाच्या डॉक्टरला दाखवू. नवरा उठून उभा राहतो, ‘ते काही येडी नाही!’ मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी. एसटीचं भाडं आणि दोघांची दिवसाची मजुरी बुडणार. ती म्हणते, ‘साहेब, आजची रात्र तेवढी झोपू द्या.’ बाहेर रांग लागलेली. तुम्ही माझ्या जागी काय लिहिलं असतं?

मेडिकल_काउंटर

पाच दिवसांनी परत ये, एवढं लिहिलं असतं. आणि नैराश्याचं औषध एमबीबीएस डॉक्टरही सुरू करू शकतो, त्याला जिल्हा कशाला लागतो?

वऱ्हाडी_डॉक्टर

मी करतो सुरू! पण दहाव्या दिवशी पेशंट म्हणतो, काहीच फरक नाही, उलट मळमळतंय, आणि बंद करतो. ही गोळी हळू चढते हे पाच वेळा सांगावं लागतं. अर्धी गोळी त्याच रात्री काम करते. लोकांना जी लगेच दिसते तीच खरी वाटते. दुकानात बसून डॉक्टरला डॉक्टरकी शिकवू नका.

कृष्णाकाठ

दोघंही जरा थांबा. धागा कशावर होता?

आईची_लेक

ताई, माफ करा, पण माझ्यासाठी धागा यावरच आहे. आईला ही गोळी बाबा गेल्यावर दिली होती. तेव्हा ती रडत होती, झोपत नव्हती. तिला कुणी विचारलंच नाही की तू उदास आहेस का. झोप लागली, रडू थांबलं, घराला वाटलं बरी झाली. ती तेव्हापासून कधी हसलेली मला आठवत नाही. मी कुणावर चिडू? डॉक्टरवर, दुकानदारावर की आम्हा पोरांवर? आम्हीही ‘गोळी घेतलीस ना, झोप आता’ म्हणून दिवा घालवत होतो.

पर्वरीकर

@वऱ्हाडी_डॉक्टर, रांगेचं म्हणालात म्हणून सांगतो. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने नेमकं यावरच काम केलंय. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसवलं. पेशंटला आजार समजावायचा, गोळी मध्येच सोडू द्यायची नाही, न आलेल्याचा पाठपुरावा करायचा. तुम्ही पाच वेळा सांगावं लागतं म्हणता ना, ते पाच वेळा सांगणारं माणूस. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेले सुमारे ६६ टक्के, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत सुमारे ४२ टक्के.

वऱ्हाडी_डॉक्टर

आणि खासगी दवाखान्यांत काय झालं तेही सांगा. त्याच अभ्यासात तिथे फरक पडला नव्हता. माझ्या मते कारण सरळ आहे, खासगीत फॅमिली डॉक्टर पेशंटला आधीपासूनच ओळखून असतो. बरं, असं माणूस मला उद्या मिळालं तर डोक्यावर घेईन. पण पगार कोण देणार? आशाताईंवर लसीकरणापासून सर्व्हेपर्यंत ओझं आहे, त्यात हेही टाकणार?

कल्याणची_सून

बघा, आलात ना पैशावर!

टेकडी_गँग

कृष्णाकाठ ताईंनी काकांना फारच झोडपलंय. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत सौम्य नैराश्यासाठी गटाने केलेला व्यायाम हा उपचाराचा पर्याय म्हणून दिलाय. काका चुकीचं काय बोलले? गटाने चालणंच सांगत होते.

कृष्णाकाठ

सौम्य. हा शब्द काकांच्या पोस्टमध्ये कुठे आहे? आणि गट असेल तर तो चालवणारं कुणीतरी असतं, आज न आलेल्याला उद्या फोन करणारं. काकांच्या शेजाऱ्यांनी तेच केलं, रोज दार वाजवलं. काका, तुमच्या पोस्टमध्ये त्या शेजाऱ्यांचा उल्लेख नाही. तुम्ही पाचचा गजर आणि सूर्यनमस्कार लिहिलेत. मला त्याचाच राग आलाय. ज्याचं दार कुणी वाजवत नाही तो तुमची पोस्ट वाचतो, गजर लावतो, उठता येत नाही आणि स्वतःला आळशी ठरवतो. आमच्या घरात त्याच्या पुढची वेळ आली होती. हे ‘मी नसलेलाच बरा’ असं म्हणायला लागले तेव्हा मी घाबरून डॉक्टर शोधला. तोवर सगळे व्यायामच सुचवत होते. आता निदान १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तेव्हा तोही नव्हता.

पहाटफेरी

शेजाऱ्यांचं राहिलं खरं. ते गेल्या वर्षी वारले, लिहायला जड गेलं. ते असो.

पोस्टच्या शेवटी ओळ घातली आहे: ‘पहाटे आपोआप जाग येत असेल, सकाळी मन जड असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टर, मग टेकडी.’ १४४१६ सुद्धा दिलाय. वहिनींनाही दाखवून आणतो, ही गोळी उतरवता येते हे आजच कळलं. पण गोळ्यांचं फॅड वाढलंय या मतावर मी ठाम आहे आणि चालण्याबद्दलचा एक शब्दही काढणार नाही.

आईची_लेक

काका, वहिनींना एकदम बंद करू नका हं.

कृष्णाकाठ

ओळ वाचली. चांगली आहे. चालण्याबद्दलचं राहू द्या, ते काढा असं मी म्हटलंच नव्हतं. पण ‘कष्ट नकोत म्हणून गोळ्या’ हे वाक्य वर जसंच्या तसं आहे आणि लोक तेवढंच वाचून पुढे पाठवतायत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आज सकाळी ते आलंय, खाली तुमची नवी ओळ नाही. ते वाक्य काढा, मग फॅडवर बोलू.