आधी पदव्या, मग कर्जफेड, मग मूल?
नवरा-बायको दोघांनी एकदम नोकरी सोडून आधी पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, मग कर्ज फेडावे आणि त्यानंतरच मूल होऊ द्यावे, असा सल्ला काही जण देतात; हा क्रम मला काळजीचा वाटतो. कर्ज लांबवता येते, पण १० टक्के चक्रवाढ व्याजाने न फेडलेली रक्कम साधारण ७ वर्षांत दुप्पट होते, म्हणून शिकतानाही निदान व्याज भरत राहावे. स्त्रीची प्रजननक्षमता मात्र पस्तिशीनंतर अधिक वेगाने घटते (पुरुषाचे वयही अगदीच गौण नसते). त्यामुळे दोघांनी एकदम पगार सोडण्याऐवजी एकाने शिकावे, दुसऱ्याने कमवावे आणि नंतर भूमिका बदलाव्यात. फक्त ज्याची शिकण्याची वेळ नंतरची, त्याच्या प्रवेशाचे वर्ष आजच लिहून ठेवावे, कारण बाळ आल्यावर मागे पडते ते बहुधा आईचेच शिक्षण.