मदत हवी आहे: जिप्सीचे हेडलाइट रिलेवर घ्यायचे आहेत, पण होल्डरच्या दोन पिनांवर करंटच नाही

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. मागच्या दिवाळीत एक जुनी पेट्रोल जिप्सी घेतली. आधी जंगल सफारीत चालायची, म्हणजे सगळी कामं उजेडात. आमचं शेत काटोलकडे, परत निघेस्तोवर अंधार होतोच. फेटरी येईपर्यंत रस्त्यावर रोही (नीलगाय) उभा असला तर तो दिसतो तेव्हा ब्रेक दाबायची वेळ निघून गेलेली असते. दिवे नुसते पिवळे पडतात.

बल्ब नवे आहेत, एच४, ६०/५५ वॅटचे. रिफ्लेक्टरही बदलले. शेवटी मीटर लावला. इंजिन चालू, डिपर लावलेला: बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बच्या पिनांवर ११.५. वायरिंगवाला म्हणतो, "१००/९० चे बल्ब टाका ना भाऊ, कशाला डोकं लावता." पण स्टिअरिंगखालचं स्विच आत्ताच हाताला गरम लागतं, त्यात अजून जास्त वॅट? नाही म्हटलं.

बर्डीच्या बाजारातून दोन रिलेंचं (रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारं स्विच) तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, आणलंय. ते लावण्याआधी दोन्ही होल्डर काढून मोजले आणि चक्रावलो. मीटरची काळी पिन बॉडीला. एका पिनवर पूर्ण १२ व्होल्ट, लाइटचं स्विच बंद असतानाही! बाकीच्या दोन पिनांवर शून्य. अप्पर करा, डिपर करा, शून्यच. तरी बल्ब लावले की दिवे लागतात. हे काय गौडबंगाल आहे? रिलेला सिग्नल घेऊ कुठून?

मीटरवाले काका:
गौडबंगाल काही नाही, तुमच्या गाडीत स्विच निगेटिव्हवर आहे. बल्बला पॉझिटिव्ह कायम मिळतो, आणि अप्पर-डिपरचा लिव्हर एकेका फिलामेंटला अर्थ, म्हणजे बॉडीचा निगेटिव्ह, देतो. सुझुकीच्या जुन्या गाड्यांत हे असतं. खात्री करायची तर मीटरची लाल पिन त्या १२ व्होल्टवाल्या पिनवर धरा आणि काळी बाकीच्या दोघींवर आळीपाळीने. डिपर-अप्पर केल्यावर व्होल्ट इकडून तिकडे गेले पाहिजेत.

तुमचं हार्नेस लावण्याआधी उलगडून बघा. काही किटांत दोन्ही रिलेंचं ८५ नंबरचं टोक (८५-८६ ही रिलेच्या कॉइलची टोकं, ३०-८७ ही मोठ्या करंटची) थेट बॉडीला जोडलेलं असतं. तसं असेल तर तुमच्याकडे एक तर काहीच लागणार नाही, नाही तर दिवे विझणारच नाहीत.

करायचं असं. दोन्ही रिलेंचं ८६ त्या कायम पॉझिटिव्ह पिनवर. डिपरच्या रिलेचं ८५ डिपरच्या पिनवर, अप्परचं अप्परच्या. एकाच बाजूचा जुना होल्डर पुरतो, दुसरा टेप मारून बांधून ठेवा. ३० नंबरला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून सरळ वायर, ८७ वरून दोन्ही बल्बना. बल्बची कॉमन पिन आता अर्थला. कॉइलमधून अर्धा अँपिअरही जात नाही, त्यामुळे तुमचं स्विच थंड राहील. रिलेच्या आत डायोड असेल तर मात्र ८५-८६ ची उलटापालट करू नका.

बुटीबोरी पॅसेंजर:
काकांशी सहमत, पण राजेहो, फ्यूज विसरू नका! मी एकदा विसरलो होतो, त्याबद्दल इथे बोलत नाही. प्रत्येक रिलेला वेगळा १५ अँपिअर, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ. ५५ वॅटचे दोन म्हणजे आठ-नऊ अँपिअर, तेव्हा १५ बस झाला. वायर २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची घ्या. अर्थची वायरही तेवढीच जाड. लोक पॉझिटिव्ह जाड टाकतात आणि अर्थ रंगावरच्या स्क्रूला अडकवतात, मग म्हणतात रिले लावून फरक पडला नाही. होल्डर सिरॅमिकचे. रिले पाय खाली करून बसवा, पावसात पाणी आत थांबत नाही.

धागाकर्ता:
काका, तुम्ही म्हणालात तस्संच निघालं. आणि किटमधलं ८५ खरोखर बॉडीला होतं, कापून वेगळं केलं. एक शंका: ज्या जुन्या होल्डरवरून सिग्नल घेतलाय, त्या बाजूचा फ्यूज उडाला तर?

मीटरवाले काका:
तर दोन्ही दिवे एकदम जातील, हे खरंय. आधी डावा-उजवा वेगळा होता, आता सिग्नल एकाच बाजूचा. काटोल रोडवर रात्री ते नको असेल तर ८६ ला बॅटरीवरूनच छोट्या वेगळ्या फ्यूजने पॉझिटिव्ह द्या. आणि एक जादा फ्यूज डॅशबोर्डमध्ये ठेवा.

धागाकर्ता:
काल झालं. इंजिन चालू, डिपरवर बल्बच्या पिनांवर १३.३ व्होल्ट. स्विच थंड. अप्परचा निळा दिवाही डॅशबोर्डवर नीट लागतो, त्याची धास्ती होती. पण समोरून येणारे सगळे ट्रकवाले मला डिपर मारताहेत, आणि मी डिपरवरच असतो.

बुटीबोरी पॅसेंजर:
इतके दिवस कंदील होते, वाकडे आहेत हे कुणाला कळणार! सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा, आत तुमच्या वजनाचं माणूस बसवा. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ मारा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली आली पाहिजे, डावीकडे थोडी वर चढलेली चालेल. दिव्याच्या रिंगजवळचे दोन स्क्रू फिरवा. जिप्सीत ते गंजलेले असतात, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.