मदत हवी आहे : काठी दिसली की धावून जाणारा कुत्रा, आणि तान्हा पोळा १९ दिवसांवर

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात राहते. घर वावरातच आहे, गावापासून दीड किलोमीटरवर. वर्ध्यातली काही पोरं जखमी कुत्री उचलून उपचार करतात आणि बरी होत आलेली एखाददोन घर मिळेपर्यंत माझ्याकडे सांभाळायला ठेवतात. चार वर्षांत सात कुत्री माझ्या हाताखालून गेली. कुणाला खरूज होती, कुणाचा पाय मोडलेला. स्वभावाचा प्रश्न असलेला हा पहिलाच, आणि त्याच्याशी वागताना माझं चुकलंय, म्हणून लिहितेय.

नाव तांबू. गावठी, अंदाजे तीन वर्षांचा, डावा कान अर्धा तुटलेला. रानडुकरांसाठी पांदणीत (शेतातल्या वाटेवर) कुणीतरी तारेचा फास लावला होता, त्यात हा कमरेत अडकला. पोरं पोचण्याआधी जमलेल्या लोकांनी त्याला काठ्यांनी ढोसलं होतं. आषाढ लागता लागता माझ्याकडे आला, त्याला आता सहा आठवडे झाले. नसबंदी झाली, रेबीजची लस झाली, कमरेची जखम भरली. दुखणं असलं तर कुत्रं चिडकं होतं म्हणून नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यातही नेऊन आणला. कान, दात, पाठ, गोचीडतापासाठी रक्त, सगळं तपासलं. काही निघालं नाही.

एरवी तो इतका गुणी आहे की सांगून पटणार नाही. रात्री जागलीला माझ्या मिस्टरांसोबत जातो, कोंबड्यांकडे ढुंकून बघत नाही. पण माणसाच्या हातात काठी दिसली की बदलतो. आणि शेतकऱ्याच्या घरी कुणाच्या हातात काठी नसते? सासऱ्यांची चालायची काठी, सालदाराची तुतारी (बैल हाकायची काठी), माझ्या हातातला खराटासुद्धा. दुसरं म्हणजे जेवणाचं भांडं. जेवताना चार पावलांवर कुणी आलं की खाणं थांबतं, मान भांड्यावर तशीच राहते, अंग लाकडासारखं ताठ होतं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दिसायला लागतं.

पहिले दोन आठवडे तो गुरगुरायचा. मी प्रत्येक वेळी आवाज चढवून "चूप!" म्हणायचे. गुरगुरणं थांबलं, मला वाटलं सुधारला. पंधरा दिवसांपूर्वी सालदारभाऊ बैल कोठ्यात घेत होते, वाटेत तांबूचं भांडं होतं, ते त्यांनी तुतारीने बाजूला सरकवलं. तांबूने आवाजसुद्धा केला नाही. सरळ मनगट धरलं. दोन दात खोल गेले.

जखम लगेच नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतली, वर्ध्याला नेऊन जखमेत सिरम दिलं, लशीचे पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवसाचे डोस झाले, आता २८ व्या दिवसाचा राहिला. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवली, तो ठणठणीत आहे. पण भाऊंच्या घरी जाऊन मी काय सांगणार होते? त्यांची बायको एवढंच म्हणाली, "ताई, हात गेला असता तं पोट कशानं भरलं असतं आमचं?" तो प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

सासरे म्हणतात, "याले बोरच्या जंगलाकडं सोडून दे." ते निर्दयी नाहीत, त्यांना नातवाची काळजी आहे. पण तिकडे बिबट्या दोन दिवसांत उचलेल, आणि नाही उचलला तर चावणारं कुत्रं आपण दुसऱ्या गावाच्या पोरांवर सोडलं असं होईल. नियमाने नसबंदी केलेलं कुत्रं एरवी जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. याच्यासाठी ते ठिकाण म्हणजे फासाची तीच पांदण.

आता खरी अडचण. १९ दिवसांनी तान्हा पोळा. गावातली पन्नासेक पोरं लाकडी नंदी ओढत बोजारा (खाऊ-पैसे) मागायला घरोघरी फिरतात, आमच्याकडेही येतात. निम्म्यांच्या हातात काडी असते. एवढ्या दिवसांत काठीची भीती कमी होऊ शकते का? निदान सुरुवात कशी करू? आणि पुढे कुणी त्याला न्यायला आलं तर चावल्याचं सांगितल्यावर नेईल का? लपवून मी देणार नाही. अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद (अमरावतीहून):

ताई, तांबू बिघडला नाही. गुरगुरणं ही त्याची सूचना होती, ती बंद पडली म्हणून चावा अचानक वाटला. पुन्हा गुरगुरला तर रागावू नका, शांतपणे दोन पावलं मागे व्हा. तो आवाज परत आला तर आनंद माना.

भांड्याचं आधी करा, ते सोपं आहे. जेवण कोठ्याच्या वाटेत नको, कोपऱ्यात द्या, जिथे त्याच्या मागून कुणी येणार नाही. भांडं हातात धरून "सवय" लावायला जाऊ नका. तो खात असताना तो ताठ होणार नाही इतक्या लांबून जा, उकडलेल्या अंड्याचा तुकडा भांड्याकडे टाका आणि निघून जा. रोज आठदहा वेळा. माणूस जवळ आला की काढून घेत नाही, चांगलं काहीतरी देऊन जातो, हे त्याला कळायला हवं. तो तुम्हाला बघून शेपटी सैल करायला लागला की एक पाऊल कमी करा. घाई केली की पुन्हा पहिल्या पावलावर.

काठी आधी माणसाशिवाय दाखवा. अंगणात लांब जमिनीवर पडलेली. त्याने पाहिली, अंडं. पाहिली, अंडं. तो काठीऐवजी तुमच्या हाताकडे बघायला लागेपर्यंत तेवढंच. मग तुम्ही काठीशेजारी उभ्या राहा. मग उचलून लगेच खाली ठेवा. काठी घेऊन चालणं खूप नंतर. जीभ ओठावरून फिरवणं, उगाच जांभई, शेपूट आत, यातलं काही दिसलं की तुम्ही जास्त जवळ आलात.

१९ दिवसांत पन्नास पोरांसमोर उभं करण्याएवढं काही होणार नाही. त्या दिवशी त्याची परीक्षा घेऊ नका, त्याला तिथे ठेवूच नका.

प्रतिसाद (दारव्ह्याहून):

वरच्यांशी सहमत. मुस्क्याची सवय आजपासून लावा. डवरणीला बैलांना बांधतो तसं जाळीचं, पण कुत्र्याच्या मापाचं, तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल असं. कापडी घट्ट पट्टा नको, कुत्रं धापा टाकूनच अंग थंड ठेवतं, आपल्याकडच्या उकाड्यात जीव जाईल. एकदम चढवू नका. आत अंडं ठेवा, त्याला स्वतः नाक घालू द्या, आठवडाभर बक्कल लावूच नका.

साखळीने दिवसभर बांधत असाल तर ते थांबवा. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून तो आधी चावतो.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. साखळीचं बरोबर आहे, चावल्यानंतर भीतीने बांधला होता. आज चुलत दिराने कोठ्यामागे तारेची जाळी मारून दिली, आत बाज ठेवली, तिथे मोकळा असतो. सालदारभाऊंना विचारूनच जागा ठरवली. ते म्हणाले, तिकडं माझी वाट नाही, राहू द्या.

धागाकर्ती, तान्हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी:

कळवायचं राहू नये म्हणून. काल सकाळी नऊपासून तांबू आतल्या खोलीत, दार बंद, कूलर सुरू, जेणेकरून बाहेरचे आवाज कमी यावेत. मिस्टर दिवसभर त्याच्याजवळ. बोजारा मी वाटला, घरासमोर नाही, पांदणीच्या तोंडाशी खुर्ची टाकून. पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं की आमचं कुत्रं अजून शिकतंय, काडी दाखवू नका, आवाज देऊ नका. ऐकलं पोरांनी. एक चिमुकली नंदीच्या पाठीवरचा पेढा "त्या कुत्र्याले द्या" म्हणून देऊन गेली. (गोड त्याला चालत नाही, मी खाल्ला.)

काठीचं इतकंच झालंय : अंगणात पडलेल्या काठीपासून पाच पावलांवर बसतो आणि माझ्याकडे बघतो. हातात घेतली की अजून ताठ होतो. भांड्याजवळ मला दोन पावलांपर्यंत येऊ देतो, सासऱ्यांना नाही. मुस्क्यात स्वतः नाक घालतो. परवा रात्री सासरे काठी टेकत कोठ्याकडे गेले तेव्हा तो जाळीच्या आतून गुरगुरला. सहा आठवड्यांनी पहिल्यांदा. सासरे जागीच थांबले, काठी भिंतीला टेकवली आणि मागे फिरले.

घराचा प्रश्न तसाच आहे. लहान मूल नसलेलं, कुंपण असलेलं, शांत घर कुणाच्या माहितीत असेल तर कळवा. चावा, तारीख, कारण, सगळं लिहून देईन, आणि पहिले पंधरा दिवस येऊन-जाऊन शिकवीन.