एरोस्पेसची पदवी : दोन संस्थांतून एक निवडताना नागपूरकरांना आलेले अनुभव

माझ्या भाचीला यंदा एरोस्पेस अभियांत्रिकीसाठी चंदीगडचे पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज (पीईसी) आणि हावड्यातील शिबपूरची भारतीय अभियांत्रिकी विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था (आयआयईएसटी) या दोन्ही ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता आहे. जोसाच्या, म्हणजे केंद्रीय जागावाटपाच्या, फेऱ्यांत मिळालेली जागा पक्की करायची (फ्रीझ), ती हाती ठेवून अधिक पसंतीच्या पर्यायाची वाट पाहायची (फ्लोट) की त्याच संस्थेत अधिक पसंतीच्या शाखेची (स्लाइड), हे ठरवायला घरच्यांच्या हाती फार वेळ नसतो. विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पामुळे नागपुरात विमान-उद्योगाची चर्चा पुष्कळ होते. परंतु ही पदवी घेतलेली माणसे आपल्या ओळखीत मोजकीच असल्यामुळे बहुतेक घरांत निर्णय होतो तो मागील वर्षीचे कटऑफ आणि शिकवणी वर्गातील सल्ला यांवरच. म्हणून ज्यांनी अशी निवड स्वतः केली आहे, त्यांनी कशाला किती महत्त्व दिले आणि पुढे काय हाती आले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

मानेवाडा, पीईसीची माजी विद्यार्थिनी

माझ्यापुढेही नेमके हेच दोन पर्याय होते. दोन्ही संस्थांत जागा होम स्टेट (संस्थेच्या राज्यातील विद्यार्थी) आणि अदर स्टेट (इतर राज्यांतील विद्यार्थी) अशा विभागलेल्या असतात. त्यामुळे महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने अदर स्टेटचेच कटऑफ पाहावेत, नाहीतर पालक भलताच आकडा पाहून हुरळून जातात किंवा खचतात. शिबपूरची परंपरा 1856 पासूनची आहे आणि गीतांजली एक्स्प्रेसने नागपूरहून थेट हावड्याला जाता येते, ही माझ्या आईच्या दृष्टीने मोठीच सोय होती. तरीही मी चंदीगड निवडले, कारण कल्पना चावला 1982 मध्ये तेथूनच एरोनॉटिकल अभियंता झाल्या होत्या आणि त्या वयात या गोष्टीचा माझ्या मनावर फार पगडा होता.

आज मात्र मी दुसऱ्याच गोष्टीला अधिक मोल देते, ती म्हणजे विंड टनेलमध्ये, म्हणजे प्रतिकृतीवर वेगाने हवा सोडणाऱ्या बोगद्यात, स्वतःच्या हातांनी केलेले काम. पंखाच्या प्रतिकृतीवर बारीक छिद्रे असतात आणि ती नळ्यांनी मॅनोमीटरला, म्हणजे द्रवाच्या पातळीवरून दाब दाखवणाऱ्या उपकरणाला, जोडलेली असतात. पंखाचा कोन अंशाअंशाने वाढवत नेला की वरच्या पृष्ठभागावरील दाब घटत जातो आणि त्या नळ्यांतील द्रव वर चढू लागतो; मग एका कोनापाशी हवेचा प्रवाह पृष्ठभाग सोडतो आणि चढलेल्या नळ्या झपकन खाली येऊन जवळजवळ एका पातळीत उभ्या राहतात. वर्गात कितीही आलेख काढले असले, तरी ‘स्टॉल’, म्हणजे पंखाची उचल अशी अचानक घटणे, मला खरा समजला तो तेव्हा. भाचीने दोन्हीकडच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एवढेच विचारावे की हा प्रयोग तुम्ही स्वतः करता, की एकजण करतो आणि बाकीचे आकडे उतरवून घेतात.

प्रतापनगर, आयआयएसटीचा माजी विद्यार्थी

जेईई ॲडव्हान्स्डच्या क्रमांकावर मला आयआयटी कानपूरचे एरोस्पेस आणि तिरुवनंतपुरमजवळ वलियमला येथील भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था (आयआयएसटी) यांतून निवड करायची होती. घरच्यांचा कल कानपूरकडे होता आणि त्याला भक्कम आधार होता. कानपूरच्या आवारातच धावपट्टी आहे, विद्यार्थ्यांना विमानात बसवून उड्डाणातील मोजमापे घ्यायला लावतात आणि त्यांचा जुगनू हा छोटा उपग्रह 12 ऑक्टोबर 2011 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी18 या रॉकेटमधून अंतराळात गेला होता. माझी ओढ मात्र विमानापेक्षा रॉकेटकडे होती. आयआयएसटी ही 2007 साली स्थापन झालेली, अंतराळ विभागाची संस्था आहे. इस्रोचे द्रव प्रणोदनाचे, म्हणजे द्रव इंधनावरील रॉकेट इंजिनांचे, केंद्र वलियमलातच आहे आणि थुंबाचे विक्रम साराभाई अंतराळ केंद्रही फार लांब नाही. ज्या इंजिनाचे समीकरण सकाळी फळ्यावर सोडवले, त्याच प्रकारच्या इंजिनांवर काम करणारी माणसे शेजारीच आहेत, या जाणिवेने अभ्यासाला वेगळाच हुरूप येतो. 14 फेब्रुवारी 2022 रोजी पीएसएलव्ही-सी52 मधून गेलेल्या इन्स्पायरसॅट-1 या उपग्रहातही आमच्या संस्थेचा वाटा होता.

परंतु येथे प्रवेश मिळाला म्हणजे इस्रोची नोकरी पक्की, असे जे समजले जाते, ते तितकेसे खरे नाही. नेमणूक रिक्त पदांवर अवलंबून असते आणि किमान 7.5 सीजीपीएची (10 पैकी सरासरी गुणांकाची) अट असते. पहिल्या वर्षाचे गणित हलक्यात घेतले, तर ती तूट पुढे भरून काढताना दमछाक होते. ज्याला सॉफ्टवेअर, व्यवस्थापन, परदेश अशा सर्व वाटा मोकळ्या ठेवायच्या आहेत, त्याने जुनी आयआयटीच घ्यावी, असे मी मनापासून सांगेन. केरळ एक्स्प्रेस नागपूरहूनच जाते, तेव्हा अंतराचा बाऊ करू नये.

महाल, एक पालक

आम्हाला एका प्रवेश-सल्लागाराने एरोनॉटिकलची पदवी आणि एएमई (विमान देखभाल अभियांत्रिकी) हे एकच असल्याचे सांगितले होते. एएमई हा विमानांच्या देखभालीसाठी डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) परवाना मिळवण्याचा मार्ग आहे, तर बी.टेक. ही आरेखन, विश्लेषण आणि संशोधनाकडे नेणारी पदवी आहे. दोन संस्थांची तुलना करण्याआधी आपल्याला या दोहोंतील काय हवे आहे, हे मुलाला शांतपणे विचारावे.

सोमलवाडा, मिहानमधील अभियंता

मी एरोस्पेसऐवजी नागपूरच्याच व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेचे मेकॅनिकल घेतले आणि नंतर गेट ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देऊन एरोस्पेसमध्ये एम.टेक. केले. इस्रोच्या केंद्रीय भरतीत जागा प्रामुख्याने मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स यांच्याच असतात, हे वडिलांनी जाहिराती वाचून हेरले होते. येथील दुरुस्ती केंद्रांत विमान उड्डाणयोग्य असल्याची सही परवानाधारकच करतो. तेथे नुसत्या पदवीने भागत नाही. सुट्या भागांच्या निर्मितीत मात्र उत्पादन-प्रक्रिया आणि कॉम्पोझिट (तंतू आणि राळ यांसारखे घटक एकत्र करून बनवलेले) पदार्थ जाणणारा मेकॅनिकल अभियंता सहज सामावला जातो. बोइंग 787 चे फ्लोअर बीम, म्हणजे केबिनची जमीन पेलणाऱ्या तुळया, मिहानमध्ये तयार झाले आहेत. तरीही ज्या मुलीला पहिल्या वर्षापासून वायुगतिकीच शिकायची आहे, तिला चार वर्षे थांबायला सांगणे मला योग्य वाटत नाही.

धंतोली, सध्या डेल्फ्ट

माझी निवड पदव्युत्तर शिक्षणासाठी, अमेरिकेतील एक विद्यापीठ आणि नेदरलँड्समधील डेल्फ्टचे तंत्रविद्यापीठ यांच्यात होती. अमेरिकेत निर्यात-नियंत्रणाच्या आयटार नियमांमुळे रॉकेट आणि संरक्षण क्षेत्रातील बहुतेक कंपन्या तेथील नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच घेतात. पदवी कितीही चांगली असली, तरी आपल्या मुलांना ती दारे सहसा बंदच असतात. म्हणून मी डेल्फ्टला आले, पण येथेही सर्वच खुले नाही. युरोपियन स्पेस एजन्सीचे मोठे तांत्रिक केंद्र येथून जवळ, नोर्डवाइकला आहे; मात्र तेथील कायम पदे मुख्यतः सदस्य देशांच्या नागरिकांसाठी असतात. हे प्रवेशाआधीच तपासले असल्यामुळे मी अंतराळाऐवजी प्रवासी विमानांच्या रचनेचा विषय घेतला. शिक्षणकर्ज मोठे होते आणि त्या क्षेत्रातील खासगी कंपन्यांत पारपत्राचा रंग सहसा आड येत नाही.