द्राक्षावरील भुरी : फवारणी कमी पडते की बुरशी औषधाला दाद देत नाही, हे प्रयोगातून कसे ठरवावे?

विचारणा : शोधार्थी, शिवाजीनगर

नमस्कार. मी पुण्यात वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. करते आहे आणि प्रबंधासाठी द्राक्षावरील भुरी (पांढऱ्या पावडरीसारखा दिसणारा बुरशीजन्य रोग) हा विषय घेतला आहे. जुन्नर भागातील काही बागांत गोडी बहर छाटणीनंतर (फळांसाठीच्या छाटणीनंतर) आंतरप्रवाही (वनस्पतीच्या आत शिरणाऱ्या) बुरशीनाशकांच्या फवारण्या वेळच्या वेळी होऊनही नोव्हेंबरअखेर घडांवर भुरी दिसते, तर शेजारच्या बागेत त्याच औषधावर घड स्वच्छ राहतात. बागायतदारांच्या मते बुरशी औषधाला सरावली आहे. विक्रेत्यांच्या मते फवारा घडापर्यंत पोहोचतच नाही. एकाच बागेत दोन्ही गोष्टी एकदम घडत असतील, हेही शक्य आहे. एका हंगामात आणि मर्यादित साधनांत या दोन कारणांची फारकत करता येईल, असा प्रयोग कसा आखावा? तसेच कॅलिफोर्नियात तापमानावर बेतलेला जो धोका-निर्देशांक वापरतात, तो आपल्याकडे तसाच लावता येईल का?

उत्तर : निवृत्त रोगशास्त्रज्ञ, हडपसर

प्रतिकाराचा प्रश्न प्रयोगशाळेत आणि फवारणीचा प्रश्न बागेत सोडवावा, आणि दोन्हींसाठी नमुने त्याच वेलींवरून घ्यावेत, असे माझे मत आहे.

भुरी आणणारी एरिसिफे नेकेटर ही बुरशी फक्त जिवंत पेशींवर जगते, कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. त्यामुळे बागेतून आणलेला प्रत्येक नमुना ताज्या पानांवर सतत पुढे न्यावा लागतो. या कामाला किती वेळ लागतो याचा अंदाज नवख्या विद्यार्थ्याला सहसा नसतो, म्हणून नमुने थोडेच घ्यावेत. औषध न मारलेल्या कुंडीतील थॉमसन सीडलेसची कोवळी, चकचकीत पाने घेऊन त्यांच्या चकत्या पाणी-आगरवर (पाण्यात आगर घालून केलेल्या जेलीवर) ठेवाव्यात, त्यांवर औषधाच्या चढत्या मात्रा फवाराव्यात आणि ते वाळल्यावरच बीजाणू टाकावेत. येथे प्रत्येक चकती सारखीच भिजलेली असते. शिफारशीच्या मात्रेवरही जो नमुना चकतीभर पांढरा पसरतो, त्याच्या बाबतीत ब्लोअरला (ट्रॅक्टरवरील फवारणी यंत्राला) दोष देता येणार नाही.

बुरशीनाशकांच्या दोन गटांतील फरक मात्र ध्यानात ठेवावा. स्ट्रोबिल्युरिन गटाला होणारा प्रतिकार प्रामुख्याने बुरशीच्या सायटोक्रोम बी या प्रथिनातील जी143ए या एकाच जनुकीय बदलामुळे येतो आणि तो आला की औषध जवळजवळ निकामी ठरते. ट्रायझोल गटात सीवायपी51 या जनुकातील वाय136एफ हा बदल महत्त्वाचा असला, तरी संवेदनशीलता पायरीपायरीने घटते. म्हणून तेथे एका मात्रेवर निष्कर्ष काढू नये. अमेरिकेतील संशोधकांनी बागेत काम करणाऱ्या मजुरांच्या हातमोज्यांवरून बोळा फिरवून बुरशीचा डीएनए मिळवला आहे. आपल्याकडे विरळणीच्या (घडातील जादा मणी काढण्याच्या) वेळी मजुरांचे हात जवळपास प्रत्येक घडाला लागतात, तेव्हा ही पद्धत येथे अवश्य आजमावावी.

उत्तर : द्राक्ष बागायतदार, नारायणगाव

ताई, बागेतील भागाविषयी लिहितो. पाणी पडताच पिवळ्याचे निळे होणारे कागद मिळतात. ते फवारणीपूर्वी घडाच्या बाहेरच्या बाजूला, देठाजवळ आणि ओलांड्यालगतच्या (वेलीच्या आडव्या फांदीलगतच्या) दाट पानोळ्यात टाचावेत. ट्रॅक्टर गेल्यावर बाहेरचा कागद सगळा निळा आणि देठाजवळचा पिवळाच, त्यावर चार-दोन ठिपके, असे अनेकदा पाहायला मिळते, आणि पुढे भुरी नेमकी त्याच देठावर व मण्यांच्या पाकळीजवळ (घडाच्या उपशाखेजवळ) सापडते. बगलफुटी आणि फेलफुटी (बगलेतून येणाऱ्या व घड नसलेल्या जादा फुटी) वेळेवर काढलेल्या ओळी व न काढलेल्या ओळी यांची तुलना केली, तर सावलीचा परिणामही कळेल. ही बुरशी आडोशाला फोफावते.

याशिवाय प्रत्येक बागेत काही वेली गनने, हाताने, घड आतून ओले होईपर्यंत त्याच औषधाने त्याच दिवशी फवाराव्यात. त्या स्वच्छ राहिल्या आणि ब्लोअरच्या ओळी भुरल्या, तर दोष पोहोचण्याचा आहे. दोन्ही सारख्याच भुरल्या, तर सरांनी सांगितलेली चाचणी उत्तर देईल.

एक विनंती आहे. निर्यातीसाठी नोंदवलेल्या बागेत प्रयोग करणार असाल, तर त्या वेलींचे घड वेगळे काढण्याचे मालकाशी आधीच ठरवा. काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांतील अंतर) आणि औषधाच्या अवशेषांची कमाल मर्यादा यांत थोडीही चूक झाली, तर माल परत येतो आणि वर्षभराची मेहनत वाया जाते. बिनफवारणीच्या वेली ठेवायच्या झाल्यास त्या वाऱ्याच्या खालच्या बाजूला, थोड्याच ठेवाव्यात.

विचारणाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. तुलनेसाठी काही ओळी केवळ गंधकावर ठेवाव्यात, असा माझा विचार आहे. 1845 मध्ये इंग्लंडमधील मार्गेट येथे टकर या माळ्याला हा रोग आढळला, तेव्हापासून गंधक वापरात आहे आणि बुरशीवर त्याची क्रिया अनेक ठिकाणी होत असल्याने प्रतिकाराची अडचण येत नाही. गंधकाच्या ओळीही भुरल्या, तर फवारा पोहोचत नाही असे म्हणता येईल ना?

उत्तर : पीक संरक्षण अभ्यासक, मांजरी

तसे म्हणता येईल, पण त्याच्या उलट म्हणता येणार नाही. गंधकाची वाफही बुरशीला मारते, त्यामुळे जेथे थेंब पडला नाही तेथेही काही अंतरापर्यंत त्याचा परिणाम होतो, आणि हा परिणाम तापमानाप्रमाणे कमीजास्त होतो. गंधकाच्या ओळी स्वच्छ राहिल्या म्हणून फवारा आत पोहोचला, असे सिद्ध होत नाही. त्या ओळी जरूर ठेवा, मात्र निर्णय गनने फवारलेल्या वेलींवरून घ्या.

निर्देशांकाविषयी : सलग तीन दिवस, रोज किमान सलग सहा तास तापमान 21 ते 30 अंश सेल्सिअस राहिले की तो सुरू होतो, पुढे अशा प्रत्येक दिवसाला 20 गुण वाढतात, अन्यथा किंवा पारा 35 अंशांवर गेल्यास 10 गुण घटतात, आणि कमाल मर्यादा 100 आहे. जुन्नर भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरचे बहुतेक दिवस ही अट पुरी करतात. निर्देशांक वर जाऊन तेथेच राहील आणि कोणत्या आठवड्यात फवारावे हे त्यावरून समजणार नाही. त्यापेक्षा घडाच्या वयाकडे पाहावे, असे मला ठामपणे वाटते. युरोपीय द्राक्षाचे मणी फुलोऱ्यानंतर साधारण तीन-चार आठवड्यांत नव्या संसर्गाला जवळजवळ दाद देईनासे होतात. देठ आणि पाने मात्र त्यानंतरही बळी पडतात. आपल्याकडे फुलोरा छाटणीनंतर सुमारे 40 दिवसांनी येतो, म्हणजे नोव्हेंबरअखेर मण्यावर दिसणारी भुरी बहुधा त्याआधीच शिरलेली असते. तेव्हा कागद टाचणे, घड तपासणे आणि मजुरांच्या हातांचे नमुने घेणे, हे सारे फुलोऱ्यापासून मणी सेट होईपर्यंतच्या (मणी धरेपर्यंतच्या) काळात दाटून घ्या, आणि मणी भिंगाखाली तिरप्या उजेडात पाहा. कोवळ्या मण्यावरील विरळ जाळे साध्या डोळ्यांना दिसत नाही.

प्रतिकाराच्या चाचणीसाठी पहिला नमुना त्या गटाची हंगामातील पहिली फवारणी होण्यापूर्वी आणि दुसरा शेवटच्या फवारणीनंतर घ्यावा. आपल्याकडे ही बुरशी सुप्त डोळ्यांत टिकून पुढच्या छाटणीनंतरच्या फुटीवर येते, म्हणून मागील हंगामात त्या बागेत काय फवारले, याची वहीही मालकाकडून मागून घ्यावी.