पलटणीतल्या आयरिश पूर्वजाचा माग: तुमचे अनुभव सांगा

आमच्या आजीचे आजोबा 'गोरे सोल्जर' होते, एवढंच घरात माहीत होतं. ते इंग्रज नव्हते, आयरिश होते, हे मात्र आजी आवाज खाली आणून सांगायची, जणू कुणाचं कर्ज बुडवलं होतं. पुण्याच्या लष्कर भागात वाढलो. सेंट पॅट्रिकच्या मोठ्या देवळावरून शेकडो वेळा गेलो, पण कॅम्पातल्या त्या देवळाला आयर्लंडच्या संताचं नाव का, हा प्रश्न चाळिशीत पडला. पलटणींत आयरिश कॅथलिक भरपूर, म्हणून!

हाती एकच कागद आहे. आजीच्या आईचा बाप्तिस्मा, पुणे, १८७१. बापाचा हुद्दा प्रायव्हेट, पलटण १०३वी. मूळ गाव नाही. इथून पुढे कसं जायचं? ज्यांनी हा उद्योग केलाय, त्यांनी फसलेलंही सांगा.

*

डब्लिनहून लिहितेय. नोकरीसाठी आले आणि शेजारच्या आजोबांमुळे या नादाला लागले.

आधी वाईट बातमी. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात इथलं फोर कोर्ट्स, म्हणजे न्यायालयांची इमारत, पेटलं आणि शेजारचा सरकारी दफ्तरखाना जळून गेला. १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळपास सगळ्या त्यात गेल्या. १८६१ ते १८९१ च्या तर सरकारनेच नष्ट केल्या होत्या. अख्खी उरलेली पहिली जनगणना १९०१ ची. ती आणि १९११ ची घरबसल्या फुकट पाहता येते, पण तुमचे खापरपणजोबा तोवर कुठल्या कुठे गेलेले.

आता गंमत बघा. फौजेत गेलेल्याचे कागद लंडनला होते, म्हणून वाचले. शेजारच्या आजोबांचे दोन पूर्वज सख्खे भाऊ. एक पलटणीत गेला, त्याची उंची, केसांचा रंग, दंडावरचा व्रण, सगळं सापडलं. दुसरा गावात राहून शेती करत म्हातारा झाला. त्याची एकच ओळ मिळाली, ग्रिफिथच्या जमीन-मोजणीत (१८४७ ते १८६४), तीही कुटुंबप्रमुख आणि खंडकरी म्हणून. बायकापोरांची नावं त्यात नसतातच.

*

दादा, आम्ही कामठीचे. तीन वर्षं चुकीच्या दारात उभे होतो, म्हणून सांगते.

नागपूर म्हणजे मुंबई इलाखा असं धरून मी मुंबईची चर्च-रजिस्टरं चाळत बसले. कामठीची छावणी मद्रासच्या फौजेकडे होती, हे कुणी सांगितलंच नाही! बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला इलाख्यामार्फत लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिथले दफ्तर-क्रमांक: बंगालची एन/१, मद्रासची एन/२, मुंबईची एन/३. एन/२ उघडलं आणि दोन संध्याकाळींत लग्न सापडलं.

लग्नाच्या नोंदीत पलटण होती. पलटणीवरून लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पेन्शनीत निघालेल्यांचे कागद, दफ्तर-क्रमांक डब्ल्यूओ ९७. त्यात ठरलेलं वाक्य असतं: अमुक पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत), तमुक शहराजवळ, ढमुक काउंटीत जन्म. आमच्यात लिहिलं होतं: एनिसजवळ, क्लेअर काउंटी, धंदा मजूर, डोळे करडे. आईचे डोळे घारे. लग्नात लोक विचारायचे, तुम्ही कोकणस्थ का? बाबा हसून हो म्हणायचे. कागद वाचून दाखवला तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, 'मजूर होते होय.'

*

नावाच्या स्पेलिंगवर हटून बसू नका. नाव उतरवणारा कारकून इंग्रज, सांगणारा अंगठाबहाद्दर. 'ओ' गळतो, 'मॅक' गळतो. कॅथलिक रजिस्टरात लॅटिन, म्हणजे जेम्सचा जेकोबस होतो. मर्फी असाल तर शुभेच्छा. ते इथल्या जाधवांसारखं आहे.

*

मी ठाण्याचा. माझे पूर्वज कंपनी सरकारच्या तिसऱ्या बॉम्बे युरोपियन पलटणीत होते. आता तिसरी बॉम्बे युरोपियन म्हणजे काय, तर एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोझबरोबर झाशीच्या तटावर चढलेली पलटण. शाळेत 'खूब लडी मर्दानी' पाठ करणाऱ्या माणसाला हे कळतं तेव्हा काय करावं? मी तो कागद महिनाभर बायकोलाही दाखवला नाही.

मग पुढे वाचलं. १८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात शंभरात चाळीसहून जास्त आयरिश होते, आणि १८४५ नंतर बटाट्याच्या रोगाने गावंच्या गावं ओस पडली. माझ्या पूर्वजाचं वय अठरा, धंदा 'विणकर'. भरती झाला की पोटाला मिळे. त्याने झाशीच्या लोकांचं काय केलं ते यामुळे कमी होत नाही. दोन्ही माझ्याच घरातलं आहे.

कामाची गोष्ट: कंपनीचे सैनिक क्यूला शोधू नका, ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात शोधा. १८६१ नंतर या पलटणी राणीच्या झाल्या. तिसरीची १०९वी, पुढे १८८१ मध्ये लेन्स्टर रेजिमेंट. पहिलीची १०३वी, तीच नंतर डब्लिन फ्युसिलियर्स. म्हणजे धागाकर्त्यांच्या आजीचे आजोबा!

*

ऑकलंडहून. माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा फेन्सिबल. १८४७ पासून पेन्शनर शिपायांना न्यूझीलंडला आणून वसवलं: सात वर्षं गरज पडली तर लढायचं, मग घर आणि एकरभर जमीन आपली. पुष्कळजण आयरिश, काही हिंदुस्थानात लढून आलेले. सासूबाई मला म्हणतात, 'तुझ्या गावाला आमचा माणूस आधी जाऊन आला.' त्याने पाहिलेलं गाव कानपूर आणि माझं सातारा, पण मी वाद घालत नाही.

*

डीएनए करून घेतला. पणजोबांचे वडील आयरिश, म्हणजे सरासरी सव्वासहा टक्के. माझे तीन निघाले, बहिणीचे नऊ. उपयोग टक्क्यांचा नाही, जुळणाऱ्या नातेवाइकांचा. मला बोस्टनची एक बाई मिळाली, तिच्याकडे टाउनलँडचं नाव होतं. टाउनलँड म्हणजे आपली वाडी समजा. आयर्लंडात साठ हजारांवर आहेत. ते नाव हाती आल्याशिवाय कॅथलिक पॅरिशची रजिस्टरं उघडण्यात अर्थ नाही. ती रजिस्टरं डब्लिनच्या नॅशनल लायब्ररीने २०१५ पासून फुकट ठेवली आहेत.

*

पुन्हा मीच, धागा काढणारा. तुम्ही सांगितल्याप्रमाणे डब्ल्यूओ ९७ पाहिलं. नाही. डब्लिनच्या ताईंना विचारलं, त्या म्हणाल्या, नोकरीतच वारला असेल तर पेन्शनचा कागद कुठून असणार? मग एन/३ मध्ये दफन शोधलं. पुणे, १८७४, पटकी, वय चौतीस. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. आता मेलेल्या शिपायांच्या याद्या मागवल्यात. जन्मगाव आणि वारस त्यात असू शकतात. आणि बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांत याच आडनावाचा दुसरा एक प्रायव्हेट आहे, त्याच पलटणीतला. तो भाऊ निघाला तर त्याचा पेन्शनचा कागद असेल. पत्र पाठवलंय.